तालुक्याची बाजू

आंबेगाव तालुक्याचं मुख्यालय आंबेगावात नाही, घोडेगावात आहे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिलं, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्यात कुणाचंही सरकारी काम निघालं की पाय घोडेगावकडे वळतात. तहसील कचेरी इथे, दिवाणी न्यायालय इथे, आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्याचं काम पाहणारं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही इथेच. वकिलांची टेबलं, टायपिंग, झेरॉक्स, मुद्रांक विक्रेते असा सगळा बाजार या कचेऱ्यांच्या आधाराने उभा आहे. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा, नाहीतर फेरफाराचा उतारा.

एका टेबलावर असाच एक सातबारा उलगडून ठेवलेला होता. डावीकडे नावं, उजवीकडे ‘इतर हक्क’. त्या रकान्यात एकच ओळ होती: पुनर्वसनासाठी राखीव. ही ओळ ज्याच्या उताऱ्यावर असते, त्याला जमीन विकायची तर परवानगी लागते, बँकेत गेलं तर शंका काढली जाते, भावाभावांची वाटणी अडते. धरणाचं पाणी ज्या लाभक्षेत्रात जाणार, तिथल्या मोठ्या खातेदारांची ठरावीक मर्यादेवरची जमीन धरणग्रस्तांना द्यायची, असा नियम पुनर्वसन कायद्यात आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. १९७६ मध्ये तो झाला, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नव्याने लिहिला गेला. पाण्याखाली गेलेल्या माणसाला न्याय मिळावा म्हणून लिहिलेली ओळ पाणी मिळालेल्या माणसाच्या उताऱ्यावर वर्षानुवर्षं राहते. दोघेही घोडेगावलाच येतात आणि दोघांचीही बाजू खरी असते.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘लोकप्रतिनिधी’ हा विषय दिला, तेव्हा मला हा तालुका आठवला. इथे कायदा शिकलेला एक माणूस १९९० पासून सलग आमदार आहे. दिलीप वळसे-पाटील आठ वेळा निवडून आले. मंत्री झाले, विधानसभेचे अध्यक्ष झाले, गृहमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीकडे मला पदांच्या यादीतून पाहायचं नव्हतं. तालुक्याची बाजू सरकारपुढे मांडणं हे आमदाराचं काम असेल, तर ते प्रत्यक्षात कसं चालतं, कुठे थांबतं, आणि कुणाची बाजू मांडायची राहून जाते, हे मला बघायचं होतं.

निवेदन ते कार्यारंभ आदेश

वळसे-पाटील मूळचे निरगुडसरचे, जन्म १९५६ चा. वडील दत्तात्रय वळसे-पाटील हेही आंबेगावचे आमदार होते. पारगावच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याच्या परिसराला त्यांच्याच नावावरून दत्तात्रयनगर म्हणतात. मुलाने कायद्याचं शिक्षण घेतलं, पण त्याची खरी उमेदवारी कोर्टात झाली नाही. ती झाली शरद पवारांचे स्वीय सहायक म्हणून, मंत्रालयात.

या उमेदवारीचं मोल बाहेरून लक्षात येत नाही. गावाला पूल हवा असतो. सरपंच लेटरहेडवर निवेदन आणतो. त्यावर नेता ‘योग्य कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारतो आणि गावात पेढे वाटले जातात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. निवेदन विभागाकडे जातं, तिथून खाली अभियंत्याकडे अंदाजपत्रकासाठी, मग वर प्रस्ताव म्हणून. कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, वित्त विभाग हरकत काढतो, हरकतीला उत्तर द्यावं लागतं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यातल्या कुठल्याही टेबलावर फाइल झोपू शकते. ती कुठे झोपली आहे आणि कोणत्या नियमाचा आधार दिला की उठेल, हे ज्याला कळतं त्याचा तालुका पुढे जातो. स्वीय सहायकाची नोकरी म्हणजे नेमकी हीच शिकवण. वकील पुरावा कायदा शिकतो तसा हा माणूस टिपणी शिकला.

त्याची फळं दिसतात. १९९९ नंतर त्यांच्याकडे उच्च व तंत्रशिक्षण खातं असताना, २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्या-तालुक्यांत उघडली. ज्या पिढीने पहिला माउस अशा केंद्रात हातात धरला, ती आज चाळिशीत आहे. अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन उभं राहिलं. पुण्याच्या वसतिगृहाचा खर्च न झेपणाऱ्या घरातली मुलं मंचरच्या एसटीने अवसरीला जाऊन इंजिनिअर झाली. माझ्या लेखी ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत टिकाऊ कमाई आहे, कारण तिला पुन्हा कुणाच्या शेऱ्याची गरज लागत नाही.

आवर्तन

आमदाराची खरी परीक्षा इथे पाण्यावर होते. जुन्नर आणि आंबेगाव हे कुकडी प्रकल्पाचे तालुके. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे, आणि घोड नदीवर डिंभे. पाच धरणं, एक प्रकल्प, आणि पाणी मागणारे तालुके जुन्नरपासून थेट करमाळ्यापर्यंत: आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत. धरणं सह्याद्रीच्या कुशीत, तहान दुष्काळी पट्ट्यात.

पाणी किती आणि कधी सोडायचं, म्हणजे आवर्तन, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. रब्बीच्या तोंडावर एक बैठक, उन्हाळ्याआधी दुसरी. कागदावर समिती सल्ला देते. प्रत्यक्षात या बैठकीतून बाहेर पडणाऱ्या आमदाराच्या चेहऱ्याकडे पाहून गावोगावचे शेतकरी कांद्याचं रोप टाकायचं की नाही ते ठरवतात. लाभक्षेत्रातले आमदार आणि पाटबंधारे खात्याचे अधिकारी समोरासमोर बसतात. धरणात आज पाणी किती, त्यातलं पिण्यासाठी राखीव किती, बाष्पीभवन किती, वहनातली गळती किती, उरलेल्यात किती दिवसांचं आवर्तन बसतं. आकडे अभियंत्याकडे असतात, वाद आमदारांकडे. श्रीगोंद्याचा आमदार म्हणतो, शेवटच्या टोकाला पाणी पोचतच नाही, टेल टू हेड द्या. वरच्या तालुक्यांचे आमदार म्हणतात, आमच्या नद्यांवरचे कोल्हापुरी बंधारे आधी भरा, धरण आमच्या जमिनीवर आहे.

आंबेगावच्या आमदाराची इथे आणखी एक अडचण होते. २००८ च्या पुनर्रचनेत शिरूर तालुक्यातली ३९ गावं आंबेगाव मतदारसंघाला जोडली गेली. डिंभ्याचा उजवा कालवा आंबेगावातून निघून खाली शिरूरकडे जातो. म्हणजे कालव्याच्या तोंडाची आणि खालच्या अंगाची गावं एकाच माणसाची मतदार. वकिलाला एका खटल्यात दोन्ही पक्षकारांचं वकीलपत्र घेता येत नाही. आमदाराला ते पाच वर्षं सांभाळावं लागतं.

बैठकीत आवर्तन मंजूर झालं तरी पाणी शेतात येतंच असं नाही. शेतकऱ्याने नमुना सातचा अर्ज भरलेला हवा, पाणीपट्टी थकलेली नको, चारी साफ हवी. मग पाटकरी, कालवा निरीक्षक, गेट. वरच्या माणसाने रात्रीत गेट उचललं की खालच्याची पाळी गेली. अशा वेळी फोन जातो तो आमदाराच्या कार्यालयात. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ चा आहे, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यात पाण्याच्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे, तक्रारीची सोय आहे. पण उभ्या पिकाला तारीख पे तारीख परवडत नाही, म्हणून लोकांनी कायद्याच्या जागी आमदाराचा फोन नंबर ठेवला आहे. याचा दोष मी शेतकऱ्याला देणार नाही. मात्र ज्याला फोन लावता येतो त्याचं पाणी आधी सुटतं, आणि ही गोष्ट कुठल्याही पक्षाच्या राजवटीत बदललेली नाही.

गेली काही वर्षं या सगळ्या वादाचं केंद्र डिंभे ते माणिकडोह हा प्रस्तावित बोगदा आहे. डिंभे साडेतेरा टीएमसीचं धरण, भीमाशंकरच्या पावसावर भरवशाने भरणारं. माणिकडोह बऱ्याच वर्षी पुरतं भरत नाही. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्याने येडगावला जातं, पण हा पन्नासहून जास्त किलोमीटरांचा कालवा ठिकठिकाणी गळतो. नगर-सोलापूरकडचे म्हणतात, बोगदा झाला तर वाया जाणारं पाणी वाचेल आणि आमच्या हक्काचं आमच्यापर्यंत येईल. आंबेगावकर विचारतात, बोगद्याचं तोंड धरणाच्या कोणत्या पातळीला ठेवणार? खालच्या पातळीला ठेवलंत तर धरण तळापर्यंत रिकामं होईल, आणि ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्याच गावांना उन्हाळ्यात टँकर लागेल.

सगळा खटला त्या एका पातळीवर उभा आहे. सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी न्या, याला आंबेगावात फारसा विरोध ऐकू येत नाही. मृतसाठ्याच्या जवळचं तोंड मात्र कुणालाच मान्य नाही. वळसे-पाटील यांनी ही बाजू सातत्याने मांडली, आणि २०२३ मध्ये शरद पवारांची साथ सोडून अजित पवारांबरोबर जाताना जी कारणं मतदारसंघात सांगितली, त्यात डिंभ्याच्या पाण्याचा मुद्दा होता. ते कारण किती पटलं, याचं उत्तर मतदारांनी दिलं. त्याकडे पुढे येतो.

रात्रपाळीची वीज

पाणी आलं तरी ते उचलायला वीज लागते. २००४ नंतर वळसे-पाटील ऊर्जामंत्री होते, म्हणजे भारनियमनाच्या सर्वांत कठीण काळात. २००३ च्या केंद्रीय विद्युत कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. विजेचा तुटवडा इतका होता की गावं दिवसातले दहा-बारा तास अंधारात असायची. त्या काळात सुरू झालेलं एक काम शेतकऱ्यांच्या रोजच्या जगण्याशी भिडतं: गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीपंपांचा वेगळा. त्यामुळे पंपांची वीज बंद असतानाही घरातला दिवा, पिठाची गिरणी, शाळेतला संगणक चालू राहू लागला.

पण शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन उसात शिरावं लागतं. जुन्नर वनविभाग म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. इथला बिबट्या जंगलात राहत नाही, उसात राहतो. कुकडीच्या कालव्यांनी ऊस आणला, उसाने बिबट्याला बारमाही आडोसा दिला, वस्तीवरच्या कुत्र्यांनी आणि शेळ्यांनी खाद्य. मादी पिल्लंही उसातच घालते. तोडणी सुरू झाली की ऊसतोड मजुरांना फडात पिल्लं सापडतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथे पकडलेले बिबटे येत राहतात.

म्हणून जुन्नर-आंबेगावात ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी जिवाच्या भीतीने केली जाते. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावता येत नाही. पिंजरा लावायला वनखात्याची परवानगी, ठार मारायला त्याहून वरची. ऊर्जा खातं, वनखातं, साखर कारखान्याचा तोडणीचा कार्यक्रम, तिन्ही वेगवेगळ्या इमारतींत बसतात. शेतकरी मात्र एकच, आणि तो रात्री दोन वाजता बारं धरायला एकटा जातो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेतून काही ठिकाणी दिवसा वीज मिळू लागली आहे. बिबट्याच्या पट्ट्यात ती सर्वांत आधी पोचायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

खुर्ची

नोव्हेंबर २००९ ते २०१४ वळसे-पाटील विधानसभेचे अध्यक्ष होते. कायद्याच्या विद्यार्थ्याला याहून मोठा मान कोणता? पण या मानाची किंमत त्याच्या तालुक्याला मोजावी लागते, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. अध्यक्ष तारांकित प्रश्न विचारत नाहीत, लक्षवेधी मांडत नाहीत, अर्थसंकल्पावर भाषण करत नाहीत. समान मतं पडली तरच मत देतात. पाच वर्षं आंबेगावच्या पाण्यावर, रस्त्यावर, आश्रमशाळेवर सभागृहात आंबेगावच्या आमदाराचा आवाज उमटत नाही. बाजू मांडणारा माणूस न्यायाच्या आसनावर बसलेला असतो. दालनात बैठका होतात, अधिकारी ऐकतातही. पण सभागृहातल्या प्रश्नाची छापील नोंद राहते, तशी दालनातल्या शब्दाची राहत नाही.

त्या खुर्चीने त्यांना अवघड दिवसही दाखवले. मार्च २०१३ मध्ये विधानभवनाच्या आवारातच एका पोलीस अधिकाऱ्याला मारहाण झाली आणि सभागृहाने पाच आमदारांना त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित केलं. वेगवेगळ्या पक्षांच्या सहकाऱ्यांवर अशी कारवाई होताना आसनावर बसणं सोपं नसतं.

अध्यक्षाचं सर्वांत जोखमीचं काम राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतलं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदाराच्या अपात्रतेचा निवाडा अध्यक्षाकडे दिला. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला आणि हे काम करताना अध्यक्ष न्यायाधिकरणासारखे असतात, त्यांचा निर्णय न्यायालयात तपासता येईल, असं सांगितलं. २ जुलै २०२३ रोजी अजित पवारांबरोबर ज्या आमदारांनी मंत्रिपदाची शपथ घेतली, त्यांत वळसे-पाटील होते. त्यांच्या अपात्रतेची मागणी झाली. जी खुर्ची त्यांनी पाच वर्षं सांभाळली, तिच्यासमोर ते प्रतिवादी झाले. अध्यक्ष राहुल नार्वेकर, तेही वकील, यांनी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी अजित पवारांचा गट हाच मूळ राष्ट्रवादी पक्ष ठरवून अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. अध्यक्षांपुरता विषय तिथे संपला. पण एखाद्या पक्षाचं चिन्ह पाहून दिलेल्या मताचं पुढे काय होतं, हा प्रश्न अनुसूचीने अध्यक्षांवर सोडावा का, याचं उत्तर मला अजून कुणी समाधानकारक दिलेलं नाही. अध्यक्ष स्वतः एखाद्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. त्याच्याकडून न्यायाधीशाच्या अलिप्ततेची अपेक्षा ठेवणं म्हणजे माणसावर त्याच्या कुवतीबाहेरचं ओझं टाकणं आहे.

गृहमंत्री म्हणूनही कायद्याची मर्यादा त्यांना दिसली. अनिल देशमुखांच्या राजीनाम्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये ते खातं त्यांच्याकडे आलं. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सांगणारं ‘शक्ती’ विधेयक संयुक्त समितीत बारकाईने तपासून त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं. ते केंद्राच्या कायद्यांत बदल करणारं असल्यामुळे राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक शेवटी कायदा झालंच नाही.

माळीण

३० जुलै २०१४. माळीण हे डिंभे जलाशयाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं महादेव कोळी समाजाचं गाव. सकाळी डोंगराचा कडा चिखल होऊन गावावर आला. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला रस्त्यापुढे गावच दिसलं नाही, आणि बाहेरच्या जगाला त्याच्याकडून पहिली खबर मिळाली. १५१ माणसं गेली.

पाऊस थांबत नव्हता. जेसीबी चिखलात रुतत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान दिवसचे दिवस ढिगारा उपसत राहिले. राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष त्या वेळी या गावाचे आमदार होते. मुख्यमंत्री, केंद्रीय गृहमंत्री येऊन गेले. नंतर मदतीचं काम सुरू झालं आणि त्याबरोबर कागदांचं. घरं गेली तशी घरातले कागदही मातीखाली गेले. मदत वारसाला मिळणार, पण वारस ठरवायचा कसा? नवरा-बायको-मुलं एकाच वेळी गेलेल्या घरात आधी कोण गेलं, यावर कायद्यात वारसा ठरतो. बाहेरगावी कामाला, शिक्षणाला गेलेली माणसं वाचली; त्यांना आपण या घरातले आहोत हे सिद्ध करावं लागण्याची वेळ आली. अशा वेळी तलाठ्याने पंचनामा कसा लिहिला, यावर एखाद्याचं उरलेलं आयुष्य ठरतं. दु:खात बुडालेल्या माणसाच्या वतीने कागद पुरा करणारा कुणी शेजारी असणं, ही मदतीच्या धनादेशाइतकीच मोठी गोष्ट आहे.

दरड का कोसळली यावर बराच वाद झाला. अतिवृष्टी होतीच. डोंगरउतारावर खाचरं काढण्याच्या पडकई योजनेत यंत्रं वापरल्यामुळे माती मोकळी झाली का, हाही प्रश्न विचारला गेला. पडकई ही इथली जुनी पद्धत. गावाने एकत्र येऊन, हाताने दगडाची ताल रचून, उतारावर भाताची खाचरं करायची. ती योजनेत बसवताना तिचा वेग वाढला, आणि त्याबरोबर काय काय बदललं हे नीट तपासल्याशिवाय पश्चिम घाटातल्या दुसऱ्या कुठल्या गावाला सुरक्षित म्हणता येत नाही.

नवं माळीण आमडे इथे वसलं. २ एप्रिल २०१७ रोजी त्याचं लोकार्पण झालं. पक्की घरं, शाळा, रस्ते. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावठाणातले भराव खचले आणि लोकांच्या काळजात पुन्हा धस्स झालं. दुरुस्त्या झाल्या. जुन्या जागेवर गेलेल्यांच्या आठवणीची झाडं आहेत. पावसाळ्यात ढग उतरले की पश्चिम पट्ट्यातल्या कित्येक वाड्यांवरची माणसं आजही रात्र जागून काढतात.

ज्यांनी स्वतः बाजू मांडली

पूर्वेकडचा आंबेगाव म्हणजे ऊस, कांदा, बटाटा, दूध, मंचरचा बाजार, पारगावचा कारखाना. पश्चिमेकडचा म्हणजे भात, नाचणी, हिरडा, भीमाशंकरचं अभयारण्य आणि डिंभ्याचं पाणी, जे समोर दिसतं पण खाली जातं. पूर्वेची बाजू मांडायला कारखाना, बँका, बाजार समिती, दूध संघ अशी सगळी फळी आहे. पश्चिमेला बरंचसं स्वतः उभं राहावं लागलं, असं मला दिसलं.

डिंभ्यात जमिनी गेलेली आदिवासी कुटुंबं पाण्याच्या काठावरच राहिली. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर गहू, हरभरा पेरायचा आणि जलाशयात मासे धरायचे, हे दोनच आधार. पण गाळपेर जमीन पाटबंधारे खात्याची, आणि मासेमारीचा ठेका बाहेरच्याला जाण्याची रीत. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने या लोकांनी दोन्हींवर हक्क मागितला. गाळपेराचे पट्टे आणि मच्छीमारांची सहकारी संस्था त्यातून उभी राहिली. २०१२ मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्यांचं गाव बुडालं त्यांनी त्याच पाण्यावर घर चालवून दाखवलं.

हिरड्याची कथाही अशीच. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. पावसाळ्याचा किराणा आणि पोरांची वह्या-पुस्तकं त्यातून येतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि झाडं मोडली. पंचनामे झाले, पण भरपाईच्या निकषात पिकं होती, फळबागा होत्या, हिरडा नव्हता. निकषात नसलेल्या झाडाचं नुकसान सरकारी भाषेत नुकसानच ठरत नाही. किसान सभेने जुन्नर-आंबेगावात मोर्चे काढले, धरणं धरली, उपोषणं केली, आणि २०२४ मध्ये भरपाईला मंजुरी मिळवली. चार वर्षं एकाच मुद्द्यावर टिकून राहणं कुणाही निष्णात वकिलाला अभिमान वाटावा असं काम आहे, आणि ते ज्यांनी केलं त्यांतल्या पुष्कळांना निवेदनाखाली सहीच्या जागी अंगठा उमटवावा लागला असेल.

१,५२३

शेजारच्या जुन्नरचा स्वभाव वेगळा. २००९ ला तिथे राष्ट्रवादीचे वल्लभ बेनके, २०१४ ला मनसेचे शरद सोनवणे, राज्यभरात त्या पक्षाचे तेव्हाचे एकमेव आमदार. २०१९ ला राष्ट्रवादीचे अतुल बेनके, २०२४ ला पुन्हा सोनवणे, या वेळी अपक्ष. जुन्नरकर दर पाच वर्षांनी वकीलपत्र काढून घेतात. नव्या आमदाराला मंत्रालयातली टेबलं कळेपर्यंत मुदत संपत येते, पण त्याला आपल्या जागेचा भरवसाही नसतो, त्यामुळे तो फोन उचलतो. आंबेगावने उलट केलं. एकाच माणसाला पस्तीस वर्षं दिली आणि त्याच्या अनुभवाचं व्याज घेतलं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हे व्याजही तपासलं गेलं. समोर शरद पवारांच्या पक्षाचे देवदत्त निकम होते, भीमाशंकर कारखान्याचे माजी अध्यक्ष, म्हणजे वळसे-पाटलांच्याच तालमीत वाढलेले. मंत्रालयातल्या फायलींपासून पारगावच्या गव्हाणीपर्यंत ज्या व्यवस्थेचा वळसे-पाटलांना अभिमान, तिची खडान्‌खडा माहिती असलेला प्रतिस्पर्धी. वळसे-पाटील १,५२३ मतांनी जिंकले. निकमांच्याच नावाच्या एका अपक्ष उमेदवाराला या फरकापेक्षा जास्त मतं पडली. डिसेंबरमध्ये नवं मंत्रिमंडळ झालं, त्यात त्यांना जागा मिळाली नाही.

आता ते पुन्हा साधे आमदार आहेत, आणि तालुक्याच्या दृष्टीने मला हे चांगलं वाटतं. अध्यक्ष असताना जे विचारता येत नव्हतं, मंत्री असताना ज्याचं उत्तर स्वतःलाच द्यावं लागत होतं, ते सगळं आता सभागृहात विचारता येईल. बोगद्याचं तोंड कोणत्या पातळीला ठेवणार, हे लेखी मागता येईल. डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाने किती पाणी वाचेल आणि मग बोगद्याची गरज किती उरेल, हा हिशेब मागता येईल. बिबट्याच्या पट्ट्यात रात्रीची पाळी बंद करायची तारीख मागता येईल. हिरडा भरपाईच्या निकषात कायमचा घालून घेता येईल, म्हणजे पुढच्या वादळानंतर पश्चिमेकडच्या माणसांना पुन्हा उपोषणाला बसावं लागणार नाही. आठव्यांदा निवडून आलेल्या आणि कायदा जाणणाऱ्या आमदाराला यातलं एकही काम अवघड नाही.